ड्रेजर कमी आरपीएमवर चालवल्याने झीज खरोखर कमी होते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातील एका खाडीच्या मुखाशी साचलेली वाळू काढण्यासाठी १२ इंची पाइपलाइनचा कटर सक्शन ड्रेजर (फिरत्या कटरने तळ मोकळा करून वाळू-पाणी पंपाने ओढून पाइपने दूर टाकणारे यंत्र) लावलेला आहे. पंपाचा इम्पेलर (आत फिरणारे पात्यांचे चाक) आणि लायनर (पंपाचे आतील अस्तर) अपेक्षेपेक्षा फार लवकर झिजतात, सुटे भाग महाग पडतात आणि मागवले तरी वेळेवर येत नाहीत. मालकांचे म्हणणे असे की इंजिन १८०० ऐवजी १४५० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालवावे, म्हणजे झीजही कमी होईल आणि डिझेलही वाचेल. ऑपरेटरचे म्हणणे असे की आरपीएम उतरवला की पाइप चोक होतो आणि मग अर्धा दिवस पाइप खोलण्यात जातो. यात कोणाचे ऐकावे?

वेग कमी केला की झीज कमी होते, याबद्दल शंका नाही. परंतु वेग कुठपर्यंत उतरवायचा, हे इंजिनाच्या तक्त्यावरून किंवा डिझेलच्या बिलावरून ठरत नाही. ते पाइपमधून जाणाऱ्या वाळूवरून ठरते. पाइपमधील वेग गरजेपेक्षा जास्त असेल तर तेवढा जास्तीचा वेग जरूर काढून टाकावा, कारण तो फक्त लोखंड खातो. त्याखाली मात्र एक आरपीएमही उतरू नये, कारण तिथून पुढे झीज उलट वाढू लागते.

आधी झीज कशी होते ते पाहू. वाळूतील क्वार्ट्झचा कण साध्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो. म्हणूनच ड्रेज पंपाचे इम्पेलर आणि लायनर हाय-क्रोम पांढऱ्या बिडाचे ओततात; त्यातील क्रोमियम कार्बाइडचे कण क्वार्ट्झपेक्षाही कठीण असतात आणि मार तेच झेलतात. त्यांच्या आजूबाजूचे मऊ बीड मात्र वाळू कोरत जाते, आणि आधार सुटला की कार्बाइडही निखळतो. कण किती वेगाने आदळतो किंवा घासत जातो यावर हे कोरणे अवलंबून असते. साधारण नियम असा की झिजेचा दर वेगाच्या अडीच ते तीन घाताच्या प्रमाणात बदलतो. समजा आपल्या ३०० मिमी आतील व्यासाच्या पाइपमध्ये मिश्रण ताशी सुमारे १५२५ घनमीटर, म्हणजे ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात आहे. तो वेग ४.८ मीटरवर आणला, म्हणजे २० टक्क्यांनी घटवला, तर ताशी झीज जवळपास ४३ ते ४९ टक्क्यांनी कमी होते. हा आकडा ऐकून मालक खूश होतात, आणि नेमकी इथेच हिशेबाची पहिली गल्लत होते. कारण प्रवाहही २० टक्क्यांनी घटलेला असतो. ताशी झीज मोजण्यात अर्थ नाही; मोजायची ती दर घनमीटर वाळूमागे होणारी झीज. त्या हिशेबाने खरी बचत २८ ते ३६ टक्के निघते. तीही काही कमी नाही, पण निम्मी नव्हे.

पंपाच्या आतला वेग पाइपमधल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त असतो, हेही लक्षात ठेवावे. इंजिनाच्या १८०० आरपीएमला गिअरबॉक्समधून ९०० मिमी व्यासाचा इम्पेलर ५०० आरपीएमने फिरत असेल तर त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २३.५ मीटर वेगाने जाते. ४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन साधारण १४५० वर असताना, तेच सुमारे १९ मीटर होते. इम्पेलर आणि लायनर पाइपच्या कितीतरी आधी का जातात, याचे कारण इथे आहे, आणि आरपीएम कमी केल्याचा सर्वांत मोठा फायदाही इथेच मिळतो.

आता खालची मर्यादा. पाण्याबरोबर वाळू वाहून न्यायची तर प्रवाहात एवढी घुसळण हवी की कण तळाशी बसता कामा नये. ज्या वेगाला वाळू पाइपच्या तळाशी थर धरू लागते तो क्रांतिक वेग. ३०० मिमी पाइप आणि जाडसर वाळू असेल तर ड्युरांडच्या सूत्राने तो साधारण ४.२ मीटर प्रतिसेकंद येतो. त्याच वाळूसाठी १० इंची पाइपला ३.८ आणि ८ इंची पाइपला ३.४ च्या आसपास. पाइप जितका मोठा तितका हा वेग जास्त, ही गोष्ट नव्या ऑपरेटरला उलटी वाटते. बारीक गाळासाठी हा आकडा बराच खाली येतो. म्हणून मुंबई बंदरातील मऊ सागरी चिखल उपसताना वेगाची काळजी फारशी करावी लागत नाही, आणि झिजेचीही नाही; तिथले अनुभव खाडीमुखाच्या वाळूला लावू नयेत. याउलट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी इल्मेनाइटची काळी वाळू सापडते. क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, तर इल्मेनाइटचे साडेचारच्या वर. कटर अशा पट्ट्यात शिरला की काल व्यवस्थित चालणारा वेग आज अपुरा पडतो, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. डिस्चार्जच्या तोंडाशी पडणाऱ्या वाळूचा रंग पाहत राहण्याची सवय म्हणूनच उपयोगी असते.

क्रांतिक वेगाखाली गेल्यावर काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. वाळूचा थर तळाशी घसटत पुढे सरकतो आणि पाइपचा तळ किसला जातो. वरचा भाग नवा आणि तळ कागदासारखा, असा पाइप ज्यांनी कापून पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. शिवाय थराने जागा अडवल्यामुळे पाइपचा रोध वाढतो. साध्या पाण्यात प्रवाह घटला की रोध घटतो, पण इथे एका मर्यादेनंतर प्रवाह घटला की रोध वाढतो, त्यामुळे प्रवाह आणखी घटतो, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की दोन-चार मिनिटांत लाइन बसते. ऑपरेटर ज्याला चोक म्हणतो तो हाच प्रकार आहे, आणि त्याची भीती खोटी नाही.

मालकांच्या हिशेबात सहसा राहून जाणारी बाब म्हणजे उंची. पंपाचा आरपीएम २० टक्के उतरवला तर प्रवाहही २० टक्केच उतरेल, असे धरून चालतात. पाइपलाइन सपाट असेल, सगळा दाब घर्षणातच खर्च होत असेल, तर ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण वाळू बंधाऱ्यावर चढवून पलीकडे टाकायची असेल तर हिशेब बदलतो. उदाहरणादाखल, ५०० आरपीएमला पंप ४५ मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) देत आहे, त्यातील १२ मीटर चढाव आणि ३३ मीटर घर्षण आहे असे धरा. ४०० आरपीएमला पंपाचे हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ६४ टक्क्यांवर येते. चढाव मात्र १२ मीटरच राहतो. उरलेल्या हेडमध्ये प्रवाह बसवला तर तो ८० टक्क्यांवर नव्हे, सुमारे ७३ टक्क्यांवर येतो. वेग ६ वरून ४.८ वर थांबत नाही, ४.४ पर्यंत घसरतो. क्रांतिक वेग ४.२ असताना ४.४ वर काम करणे म्हणजे जरा जाडी वाळू आली, कटरने एखादा ढिगारा ढासळवला, की लाइन बसणारच. आपल्या लाइनची स्थिती अशी असेल तर ऑपरेटर १४५० वर जायला तयार नाही यात नवल नाही.

उलट परिस्थितीही असते, आणि झीज बहुधा तिथेच सर्वांत जास्त होते. कामाच्या सुरुवातीला किंवा टाकण्याची जागा जवळ असताना पाइप थोडेच जोडलेले असतात. पंप मात्र लांब लाइनसाठी निवडलेला असतो. अशा वेळी पूर्ण आरपीएमवर पंप नुसता धावतो: वेग ७-८ मीटरवर जातो, सक्शन पाइपमधील ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, चढतो, इम्पेलरच्या तोंडाशी कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) होऊन खडखडाट ऐकू येतो आणि पाइपचे बेंड काही आठवड्यांत फुटतात. काही जण यावर उपाय म्हणून डिस्चार्जचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करतात, तो तर कधीच करू नये. वाळूच्या मिश्रणात अर्धवट उघडा व्हॉल्व्ह म्हणजे स्वतःहून कापायला दिलेला व्हॉल्व्ह. इथे आरपीएम उतरवणे हाच योग्य मार्ग आहे, आणि निःशंकपणे उतरवावा. म्हणजे एकच आकडा ठरवून तो भिंतीवर लिहून ठेवता येत नाही. पाइपची लांबी आणि टाकण्याची उंची बदलली की आरपीएम बदलला पाहिजे.

उत्पादन घटेल ही भीती कितपत खरी, हे ड्रेजरचा अडथळा कुठे आहे यावर ठरते. ताशी वाळू म्हणजे प्रवाह गुणिले मिश्रणातील वाळूचे प्रमाण. लहान ड्रेजरवर पंप मोठा आणि कटर व विंच (ड्रेजर आडवा ओढणारे, म्हणजे स्विंग करणारे) कमी ताकदीचे असणे नेहमीचे आहे. मग कटर जेवढी वाळू देतो तेवढीच येते आणि उरलेले नुसते पाणी फिरते. अशा ठिकाणी १५ टक्के वाळू घेऊन ६ मीटरने जाण्याऐवजी पावणेएकोणीस टक्के घेऊन ४.८ मीटरने गेले तर ताशी वाळू तेवढीच निघते, पंपाला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि झीजही घटते. पण ड्रेजर आधीच दाट मिश्रण ओढत असेल आणि पंपच कमी पडत असेल, तर आरपीएम उतरवल्याने उत्पादन नक्की घटेल, दिवस वाढतील, आणि वाढीव दिवसांचा पगार, भाडे, डिझेल हे सारे लायनरच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते. एका लायनरसाठी पंधरवडा वाढवणाऱ्या मालकांशी हुज्जत घालण्याऐवजी हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

आरपीएम कसा उतरवायचा, हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लहान ड्रेजरवर बहुतेक वेळा एकाच डिझेल इंजिनावर सर्व काही चालते: गिअरबॉक्समधून पंप, आणि त्याच इंजिनावरून कटर व विंचचे हायड्रॉलिक पंप, कूलिंग पंप, कधीकधी ग्लँड वॉटर पंपही (पंपाच्या शाफ्टच्या सीलला, म्हणजे ग्लँडला, पाणी देणारा). थ्रॉटल कमी केला की हे सगळेच मंदावते. कटर आणि स्विंग विंच हळू झाल्याने वाळू कमी येते, मिश्रण पातळ होते, आणि वर सांगितलेला फायदा हातचा जातो. दुसरे म्हणजे इंजिन. कमी आरपीएमवर जास्त भार दिला तर ते दम टाकते, काळा धूर सोडते आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. त्याउलट दीर्घकाळ अगदी हलक्या भारावर चालवले, साधारणपणे ३० टक्क्यांच्या खाली, तर ज्वलन अपुरे होते, सिलिंडर लायनरला चकाकी येते, टर्बोत काजळी साचते आणि सायलेन्सरमधून तेलकट काळे थेंब येऊ लागतात. पंपाची झीज वाचवून इंजिनाची वाढवली, असे होऊ नये. १८०० चे इंजिन १५०० ते १६०० वर चालवणे सहसा निर्धोक असते, पण त्या विशिष्ट इंजिनाचा टॉर्क आलेख पाहिल्याशिवाय १४५० वर आणू नये.

वेग कायमचाच कमी करायचा असेल, म्हणजे संपूर्ण हंगाम लाइन आखूडच राहणार असेल, तर गिअरबॉक्सचे गुणोत्तर बदलणे किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची पुली बदलणे हा सरळ उपाय आहे. ३.६ ला १ च्या गिअरबॉक्समधून १८०० चे ५०० होतात, ४.२ ला १ असेल तर सुमारे ४३० होतात, आणि इंजिन आपल्या जागी सुखाने राहते. ड्रेजर अजून घ्यायचा असेल तर सरळ मोठ्या व्यासाच्या इम्पेलरचा, कमी आरपीएमचा पंप निवडावा. एकाच हेडसाठी टोकाचा वेग त्याने फारसा बदलत नाही, पण प्रवाहमार्ग रुंद असल्याने आतील वेग कमी राहतात आणि दगड-शिंपल्याचे तुकडेही सहज निघून जातात. इम्पेलरचा व्यास घासून कमी करण्याचा मार्ग स्वच्छ पाण्याच्या पंपात चालतो. हाय-क्रोमच्या इम्पेलरला ते काम सोपे नाही, आणि केले तरी केसिंगमधली (पंपाच्या बाहेरच्या कवचातली) मोकळी जागा वाढून तिथे वाळू गरगरत राहते.

पंप कोणत्या प्रवाहाला सर्वांत कार्यक्षम आहे, हेही पाहावे. त्या बिंदूच्या खूप डावीकडे, म्हणजे प्रवाह फार कमी असताना, पंप चालवला तर पाणी आणि वाळू इम्पेलरच्या तोंडाशी उलट फिरत राहते. असा पंप खोलल्यावर झीज लगेच वाचता येते: सक्शन बाजूच्या लायनरवर इम्पेलरच्या तोंडाभोवती बांगडीसारखी खोल गोल चर पडलेली असते, आणि केसिंगच्या नाकापाशी (डिस्चार्जची वाट फुटते तिथल्या कडेपाशी) एका बाजूला खड्डा. नाकाच्या दुसऱ्या बाजूला खड्डा असेल तर प्रवाह जास्त होता असे समजावे. सगळीकडे सारखी पातळ होत गेलेली झीज ही चांगल्या चालवलेल्या पंपाची खूण. पुढचा लायनर काढाल तेव्हा तो भंगारात टाकण्याआधी धुऊन, उन्हात ठेवून नीट पाहावा. आरपीएमविषयीच्या कोणत्याही वादापेक्षा तो जास्त सांगतो.

याच संदर्भात इम्पेलर आणि सक्शन लायनर यांच्यामधील फटीचा उल्लेख करतो. ही फट एक-दोन मिलिमीटर ठेवायची असते. ती वाढत गेली की डिस्चार्जचे पाणी आतल्या आत परत फिरते, दाब पडतो, आणि ऑपरेटर ती कसर भरून काढण्यासाठी आरपीएम वाढवतो. त्याने फट आणखी वाढते. कित्येकदा जास्त आरपीएम हे झिजेचे कारण नसून परिणाम असतो. आपल्याकडे इंजिन १८०० वर का न्यावे लागले, हे आधी तपासावे. फट नीट बसवून दिल्यावर तोच प्रवाह १६५० वर मिळाला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

कटरचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तिथे हळू म्हणजे चांगले असे सरसकट नाही. मोकळ्या वाळूत कटर फार जोरात फिरवला तर तो वाळू बाहेर फेकतो, ती सक्शनच्या तोंडात न जाता तळाशीच पडून राहते आणि दातही विनाकारण घासतात. तिथे कटर मंद ठेवून स्विंग वाढवणे फायद्याचे. जांभ्यासारख्या कठीण थरात दाताचे टोक तापते आणि तापलेले पोलाद झपाट्याने झिजते, म्हणून तिथेही कमी आरपीएम आणि जास्त टॉर्क हवा. चिकणमातीत मात्र कटर मंद केला तर जाड ढेकळे निघतात, त्यांचे गोळे होऊन पाइपमध्ये अडकतात. तिथे वेग वाढवावा. कटर हायड्रॉलिकवर असेल तर त्याचा वेग इंजिनापासून वेगळा साधता येतो, ती सोय वापरावी.

आता प्रत्यक्ष कसे ठरवावे. प्रवाहमापक आणि घनतामापक असतील तर उत्तम. लहान ड्रेजरवर ते सहसा नसतात. तरीही व्हॅक्यूम गेज आणि डिस्चार्ज प्रेशर गेज ही दोन घड्याळे चालू स्थितीत असतील तर बरेच साधते. नेहमीच्या वाळूत, पूर्ण लांबीच्या लाइनवर, इंजिन ५० आरपीएमने उतरवावे, पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावे, दोन्ही आकडे लिहावेत आणि पुन्हा ५० ने उतरवावे. दोन्ही गेज हळूहळू खाली येत राहतील तोवर ठीक आहे. ज्या पायरीला व्हॅक्यूम पडतो पण डिस्चार्जचा दाब पडायचा थांबतो किंवा चढू लागतो, तिथे तळाशी थर धरायला सुरुवात झालेली असते. ताबडतोब लॅडर (कटर आणि सक्शनचे तोंड ज्यावर बसवलेले असते तो सांगाडा) उचलून नुसते पाणी ओढावे, आरपीएम वाढवून लाइन धुवावी, आणि कामाचा आरपीएम त्या पायरीच्या १० ते १५ टक्के वर ठेवावा. व्हॅक्यूम एकदम चढला आणि दाब पडला तर मात्र दोष सक्शनच्या बाजूला आहे. तिथे कचरा किंवा ढासळलेली वाळू अडकली आहे, त्याचा आरपीएमशी संबंध नाही. ही चाचणी लाइनमध्ये पाइप वाढवला, टाकण्याची जागा बदलली किंवा वाळू बदलली की पुन्हा करावी लागते.

कमी वेगावर काम करताना बंद करण्याची शिस्त जास्त कडक हवी. ६०० मीटरची लाइन ४.८ मीटर वेगाने रिकामी व्हायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रत्यक्षात पाच मिनिटे स्वच्छ पाणी ओढल्याशिवाय पंप थांबवू नये. पाइप तळाशीच झिजणार हे गृहीत धरून ठरावीक तासांनी ते एक तृतीयांश फिरवून बसवावेत आणि तळाची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून नोंदवहीत लिहावी. नोंद नुसत्या तासांची नको, तासांसोबत काढलेल्या घनमीटरचीही हवी, नाहीतर दोन महिन्यांनी कोणता आरपीएम परवडला हे सांगता येणार नाही.

शेवटची बाब ग्लँडची. ग्लँडचे पाणी पंपाच्या दाबापेक्षा निदान एक बार जास्त दाबाने जावे लागते, तरच वाळू पॅकिंगमध्ये (शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या सीलच्या दोरीत) शिरत नाही. मुख्य पंप मंद केला की त्याचा दाब पडतो, हे सोयीचेच आहे. परंतु ग्लँड वॉटर पंप त्याच इंजिनावर असेल तर त्याचाही दाब पडलेला असतो, आणि दोन्हींतला फरक पुरेसा उरला आहे की नाही हे कोणी पाहत नाही. शाफ्टवरच्या स्लीव्हवर (संरक्षक नळीवर) करवतीने कापल्यासारख्या रेघा दिसू लागल्या, पॅकिंग आठवड्यागणिक बदलावी लागली, तर ग्लँड वॉटर पंपाला वेगळी मोटर किंवा वेगळे छोटे इंजिन द्यावे, आणि त्याला खाडीचे नव्हे, गाळून घेतलेले पाणी द्यावे.